बांधलेला मोगरा

सुंदराबाईनं फळीवरचा खसखशीचा डबा उजव्या हातानं काढला, आणि खाली परातीपुढं बसलेल्या रतनचा लाडू वळता हात तिथंच थांबला.

सुंदराबाई डावखुरी. थोडीथोडकी नाही, पक्की डावखुरी. पंगतीत तिच्या डाव्या बाजूला कोणी बसायचं नाही, कोपराला कोपर लागून वरण सांडायचं. गल्लीत एखादं पोरगं उजवा गाल चोळत पळालं की बघणाऱ्याला कळायचं, हे सुंदराबाईच्या हातचं खाऊन चाललंय. आणि आज तीच बाई डावा हात पोटाशी धरून, टाचा उंच करून, उजव्या हातानं डबा चाचपत होती. डबा तिरका झाला. चमचाभर खसखस तिच्या केसांवर सांडली.

"हाताला काय झालंय अक्का?" रतननं विचारलं.

"काय होतंय हाताला. तू लाडू बघ. एक लिंबाएवढा, एक नारळाएवढा. बाळंतिणीला द्यायचेत का गोट्या खेळायच्यात?"

रतनचं डोकं तसं लवकर तापायचं. आठवीत असताना न केलेल्या गोष्टीसाठी बाईंनी छडी मारली, तर दप्तर वर्गातच फेकून ती घरी आली आणि परत शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण या थोरल्या जावेपुढं तोंड कसं आवरायचं, हे ती तीस वर्षांत शिकली होती. डोळे मात्र तिला कधी आवरता आले नाहीत. तिनं पाहिलं, की अक्का खाली बसताना डाव्या हाताचा टेकू घेत नाही. पदरही डाव्या बाजूनं ओढून घट्ट खोचलेला. जानेवारीची थंडी होती, पण घरात एवढं गुरफटून बसायची काही गरज नव्हती.

विश्रांतवाडीतलं दुमजली घर. खाली सुंदराबाई एकटी. तिचा नवरा मागंच वारला, दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी. वर रतन, तिचा नवरा उत्तरेश्वर, मुलगा बुद्धभूषण आणि सून अक्षता. चूल मात्र एकच, वरची, आणि त्या चुलीवर राज्य खालच्या बाईचं. बुद्धभूषण रतनला आई म्हणायचा आणि सुंदराबाईला मोठी आई. घरात शिरला की हाक आधी मोठ्या आईला.

अक्षताला मुलगी होऊन दीड महिना झाला होता. ती आयटीत. परदेशातल्या दवाखान्यांची कसली कसली माहिती तिच्या कंपनीत यायची, त्यामुळं तिला आजारपणाच्या बातम्या वाचायचं वेड. आत्ताही ती आतल्या पलंगावर बाळाला पाजत एका हातानं मोबाइलचा पडदा वर सरकवत होती.

"मोठ्या आई, परवा सांगत होते ना तुम्हाला, ते पाहिजे तर परत वाचून दाखवू?" ती आतून म्हणाली.

"नको. पाठ हाय मला," सुंदराबाई म्हणाली आणि पाठ असल्यासारखं सांगायलाच लागली.

झालं होतं असं. परदेशातल्या कुठल्या तरी डॉक्टरांनी बायकांच्या छातीतल्या पेशी तपासल्या, आणि त्यांना दिसलं, की ज्या बायकांची बाळंतपणं झाली, ज्यांनी अंगावर पाजलं, त्यांच्या छातीत एका जातीच्या पांढऱ्या पेशी येऊन मुक्काम करतात. मूल मोठं होतं, दूध आटतं, पण या पेशी जात नाहीत. वर्षानुवर्षं तिथंच राहतात. जवळपास एखादी पेशी बिघडली, कॅन्सरच्या वाटेला लागली, तर तिला ओळखून मारतात. अक्षतानं समजावं म्हणून म्हटलं होतं, पहारेकरीच समजा. ती पुढं हेही म्हणाली होती, की यानं धोका कमी होतो, संपत नाही. पाजलं म्हणून कॅन्सर होणारच नाही असं नाही आणि पाजलं नाही म्हणून होईलच असंही नाही. पण सुंदराबाईनं पहारेकरी तेवढे उचलले आणि बाकीचं तिथंच ठेवलं. तिच्या तोंडी त्यांची फौज झाली होती.

"तीन पोरं पाजली मी," ती आता म्हणाली. "दोन माझ्या पोरी अन् तिसरा बुद्धभूषण. तीन तीन फौजा हायेत माझ्याकडं. ज्यांनी मोगरा बांधला त्यांनी बघून घ्यावं."

शेवटचं वाक्य रतनला होतं. रतननं लाडू एवढा दाबला की त्याचा चुरा झाला.

मोगऱ्याचा टोमणा घरात नवा नव्हता. अक्षतालाही लग्नानंतर महिन्याभरात कळला होता. सासूबाई कंपनीत जायच्या, बाळाला पाजणं जमेना, म्हणून त्यांनी छातीला मोगऱ्याची फुलं बांधून दूध आटवलं आणि मोठ्या आईनं बुद्धभूषणला आपल्या अंगावर वाढवलं. गल्लीतल्या जुन्या बायका तर याहून वाईट सांगायच्या. लेकरू रडत असताना ही बस पकडायची म्हणून. सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलेलं, की आता ते खरंच झालं होतं.

खरं काय झालं ते रतनला माहीत होतं, आणि आता हयात नसलेल्या वेणूबाईला.

तेव्हा या जागेवर पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. नळ दारासमोर, सगळ्या आळीत एकच. वैशाखाचा महिना, बुद्धपौर्णिमा जवळ आलेली, आणि एकाच घरात दोन बाळंतिणी. दोघींच्या बाजा एकाच खोलीत, मधे एक शेगडी. दोघींना एकाच भांड्यातली अळिवाची खीर, दोघींना ओव्याची एकच धुरी. आळीतल्या बायका हसायच्या, की या घरात शेगडीसुद्धा वाटणीत आली. दोघींनाही मुलगे. सुंदराबाईला दोन मुलींनंतरचा मुलगा. तिनं नवऱ्याला सांगून लाकडी पाळण्याला हिरवा रंग लावून घेतला होता. रंग वाळायच्या आधीच तिच्या बाळाला ताप भरला, आणि ते गेलं.

सुंदराबाई रडली नाही. बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या प्रहराला वेणूबाई आली, दोघींना न्हाऊ घालणारी. तिच्या ताटात मोगऱ्याचे गजरे होते, ओल्या फडक्याखाली झाकलेले. तिनं रतनला बाजूला घेऊन सांगितलं, की हिची छाती दगडासारखी झालीय, दूध बसून ताप यायच्या आत मोगरा बांधून आटवायला पाहिजे. नेमका त्याच वेळी रतनचा मुलगा भुकेनं रडायला लागला. आणि रतननं पाहिलं, भिंतीकडं तोंड करून पडलेल्या अक्काच्या पोलक्यावर दोन ओले डाग उमटले. ते मोठे होत गेले. अक्कानं पोरगं रडतंय तिकडं वळून पाहिलं नाही. तिनं फक्त पदराचा बोळा तोंडात धरला.

रतनचं डोकं जसं रागानं फिरायचं, तसंच ते त्या दिवशी फिरलं. कुठं बघायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. तिनं पोरगं उचललं आणि अक्काच्या कुशीत ठेवलं.

"मला महिन्याभरानं कंपनीत जायचंय," ती म्हणाली. "परमनंट करणारेत. घरी बसून याला पाजत बसले तर दुसरीला घेतील. तुम्हीच बघा आता याचं."

मग तिनं वेणूबाईच्या ताटातले गजरे उचलले आणि सगळ्यांच्या देखत स्वतःच्या छातीला बांधले. वेणूबाई तोंड उघडणार होती. रतननं तिच्याकडं असं पाहिलं, की म्हातारीनं ते पुन्हा मरेपर्यंत उघडलं नाही.

कंपनीचं खोटं नव्हतं. येरवड्याला टीव्हीचा कारखाना होता. ते दिवसच तसे होते. बाहेरच्या कंपन्या देशात यायला लागलेल्या, घरोघरी रंगीत टीव्ही, ऑर्डरींवर ऑर्डरी. रतन सोल्डरिंगच्या लाइनवर बसायची, हिरव्या पट्टीवर वितळलेल्या तारेचा एकेक ठिपका चिकटवत. पण तिला ठेवून घ्यायला सुपरवायझर तयार होता, चार महिनेसुद्धा थांबला असता. हे तिनं घरी सांगितलं नाही. ती गेली. पोलक्यात मोगरा आणि नाकात सोल्डरचा धूर. शेजारच्या बायका विचारायच्या, की आज नटून कोणासाठी. रतन हसायची. मोगरा दुपारपर्यंत भिजून जायचा. त्याच्या वासाखाली दुधाचा वास दबायचा, ते एक बरं होतं.

कारण दूध आटलं नव्हतं. रतननं ते आटू दिलंच नाही.

पहाटे नळाला पाणी यायचं. अक्का दोन हंडे घेऊन बाहेर जायची, आणि पाळण्यात पोरगं चुळबुळ करायला लागायचं. तेवढ्या वेळात रतन फुलं सोडून पोराला जवळ घ्यायची. अंधारात, एका मांडीवर, कान दाराकडं. पोरगं डोळे मिटून गटागटा प्यायचं, आणि एक हात वर करून तिची हनुवटी धरून ठेवायचं. बाहेर पाण्याची धार, बायकांची भांडणं. मग उंबऱ्याला हंडा आपटल्याचा आवाज यायचा, की रतन त्याला पाळण्यात टाकून पोलकं नीट करायची. अक्का रोज त्या उंबऱ्याला हंडा कसा आपटते, तिला तो दिसत कसा नाही, याचं रतनला मनातल्या मनात हसू यायचं. पोराला चालता यायला लागेपर्यंत असंच चाललं. ते दिवस आठवले की अजूनही तिची हनुवटी आपोआप खाली जायची, कोणीतरी धरल्यासारखी.

पुढं कारखाना बंद पडला. ज्या कंपन्यांसाठी तो टीव्ही बनवायचा, त्यांनीच बाहेरून तयार टीव्ही आणले. रतन घरी बसली, पण टोमणा गेला नाही. आणि तिनं तो जाऊ दिला. एकदा सांगितलं असतं तर अक्काच्या हातात काय उरलं असतं? रिकामा हिरवा पाळणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराबाई वरच्या न्हाणीघरातून बाहेर आली, तेव्हा रतन मुद्दाम दारातच उभी होती. पदर नीट नव्हता. डाव्या बाजूला काखेकडं कातडी आत ओढल्यासारखी दिसत होती, उशीला टाका घातल्यावर दिसते तशी. सुंदराबाईनं झटकन पदर ओढला.

"किती दिवस झाले?" रतननं विचारलं.

"कशाला?"

"गाठ आहे ना तिथं?"

"गाठ बिठ काय नाय. लाडू वळून हात भरलाय." सुंदराबाईचा आवाज चढला. "मला कशी येईल गाठ? तीन पाजली मी. अक्षतानं वाचलं ते काय खोटं हाय? का मी पाजलं तेच खोटं हाय?"

ती जिना उतरून खाली गेली. कठड्याला उजवा हात.

रतन तिथंच उभी राहिली. तिला वाटलं होतं अक्का तपासणीच्या मशीनला भिते, डॉक्टरला भिते. आता तिला दिसलं, ते वेगळंच होतं. गाठ निघाली तर फौज नव्हती, असं होईल. फौज नव्हती तर पाजणं नव्हतं. आणि पाजणं नव्हतं तर बुद्धभूषण कोणाचा? असल्या हिशेबावर अडून बसलेल्या बाईला डॉक्टर काय समजावणार? बुद्धभूषणनं हात धरून नेलं असतं तर ती गेली असती, पण त्याच्यासमोर तर तिनं जीव गेला तरी पदर सोडला नसता.

रतननं वरण उतू जाऊ दिलं. मग गॅस बंद करून ती खाली गेली.

सुंदराबाई मेथी निवडत होती. रतन तिच्यापुढं बसली आणि तिनंही एक जुडी ओढली.

"अक्का, मला रात्री झोप येत नाही," ती म्हणाली.

"वय झालं."

"ते नाही. ते फौजेचं ऐकल्यापासून. तुमचं बरं आहे. तुम्ही पाजलं. मी मोगरा बांधून बसले. माझ्याकडं कोण येऊन राहणार पहाऱ्याला?"

सुंदराबाईचा हात थांबला. तीस वर्षांत ही बाई एकदाही अशी बोलली नव्हती. टोमणा मारला की जबडा घट्ट करायची, ताट आपटायची, पण चुकलं असं कधी म्हणाली नव्हती.

"अक्षता म्हणते, सदाशिव पेठेत एक सेंटर आहे, तपासून यावं. मला एकटीला भीती वाटते. तुम्ही चला. आणि तिथं गेलोच आहोत तर मशीनमध्ये आधी तुम्ही जा. तुमचं बघितलं की मला धीर येईल."

"आधी मी का?"

"घरात सगळं आधी तुम्हीच करता."

सुंदराबाईनं तिच्याकडं पाहिलं. मेथीची एक काडी तिनं पानांत टाकली आणि पानं देठांत टाकली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तुझ्यासाठी येते. पण बुद्ध्याला सांगायचं नाय."

रिक्षात सुंदराबाई उजव्या कडेला बसली. खड्डा आला की डावं कोपर अंगाशी दाबायची आणि बाहेर बघितल्यासारखं करायची. येरवड्यात रिक्षा सिग्नलला थांबली. डाव्या हाताला निळ्या काचांची इमारत, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी चहाच्या गाडीवर.

"तुझी कंपनी इथंच होती ना?"

"इथंच. आता अक्षताची आहे. चौथ्या मजल्यावर बसते."

"वास यायचा तुझ्या अंगाला," सुंदराबाई म्हणाली. "दारात आलीस की आधी मोगरा यायचा, मग तू यायचीस."

रतनला वाटलं आता टोमणा येईल. आला नाही. सिग्नल सुटला. त्या मोगऱ्यानंतर रतननं केसात कधी गजरा माळला नव्हता. उत्तरेश्वरनं एकदोनदा आणला तेव्हा तिनं तो बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला होता. ते सगळं त्या रिक्षातल्या हवेत उगाचच आलं आणि तसंच मागं गेलं.

सेंटर एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. खिडकीपाशी चष्मा नाकावर उतरवलेल्या एक वासंतीबाई होत्या. त्यांनी दोघींची नावं घेतली आणि मान वर न करता सांगितलं, की बसून घ्या, नंबर आला की हाक मारू. मधेमधे येऊन विचारलं तर नंबर मागं जातो, पुढं येत नाही. सुंदराबाईला ही बाई एकदम आवडली. कोणीतरी आपल्यासारखं बोलणारं भेटलं म्हणून ती जरा सैल झाली.

मग आतून एक तरुण मुलगी आली, मशीन चालवणारी. पडद्याआडच्या छोट्या खोलीत तिनं दोघींना बाकावर बसवलं. आधी काही प्रश्न विचारायचे होते. वय, कोणाला घरात हा आजार होता का, पाळी कधी गेली. सुंदराबाई पटापट उत्तरं देत होती.

"मुलं किती झाली, मावशी?"

"तीन. दोन पोरी हायेत. एक मुलगा होता, तो गेला."

रतननं चमकून पाहिलं. तो मुलगा सुंदराबाई कधी मोजत नसे. परक्या माणसापुढं तर नाहीच.

"आणि अंगावर किती जणांना पाजलंत?"

रतन बाकाच्या कडेकडं बघत होती. तीन, हा आकडा तिच्या कानात आधीच येऊन बसला होता.

"अडीच," सुंदराबाई म्हणाली.

"अडीच?" मुलीचं पेन थांबलं.

"दोन पोरी माझ्या. अन् अर्धा बुद्धभूषण." सुंदराबाईनं हनुवटी रतनकडं केली. "राहिलेला अर्धा हिचा. हिच्या नावावर धर."

"मावशी, इथं अर्धं नाही घेता येत."

"मग दोघींच्या नावावर पुरा धर. पोरगं दांडगं हाय, पुरतंय दोघींना."

मुलगी हसली. रतनचं तोंड उघडं होतं. नाही, मी नाही पाजलं, मी मोगरा बांधला होता, असं ती म्हणायला गेली. सवयीनं. पण सुंदराबाई तिच्याकडं बघतच नव्हती. ती उठून उभी राहिली होती, डावा हात वर न्यायचा प्रयत्न करत.

"हूक काढ गं," ती म्हणाली. "हात जात नाय मागं."

रतननं हूक काढले. एकेक काढताना पोलक्याच्या आत अक्काची पाठ गरम लागत होती, त्या वैशाखात पोरगं कुशीत ठेवताना लागली होती तशी.

आत बराच वेळ गेला. मधे एकदा डॉक्टरबाई आत गेल्या आणि बाहेर आल्या. मग सुंदराबाई आली, पदर गुंडाळून, आणि तिच्यामागं डॉक्टरबाई. त्या रतनशीच बोलल्या. डाव्या बाजूला गाठ आहे. मोठी वाटत नाही, पण सुईनं तिथला तुकडा काढून तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही, त्यासाठी सोमवारी यायचं. आत्ता आणलंत ते बरं केलंत. आणखी सहा महिने अंगावर काढलं असतं तर बोलणं वेगळं झालं असतं.

त्या गेल्या. दोघी बाकावर बसल्या. वासंतीबाई कोणाला तरी नंबर मागं जाईल म्हणून सांगत होत्या.

"फौज असून कशी आली गं?" सुंदराबाई म्हणाली.

"अक्षतानं सांगितलं होतं ना, पहारा असला तरी..."

"सांगितलं होतं. ऐकलं होतं मी." सुंदराबाई पायातल्या चपलेकडं बघत राहिली. "अन् तुला भीती वाटत नव्हती, तेही कळलं होतं मला. मेथी निवडताना भ्यालेलं माणूस असं पटापटा निवडत नाय."

रतननं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं? ते अर्ध्याचं?"

"नळ कुठं होता आपला?"

"दारासमोर."

"अन् हंडे?"

"दोन."

"दोन हंडे भरायला उजाडायचं का गं रतने?" सुंदराबाई म्हणाली. "पोरगं माझ्याकडं यायचं तेव्हा त्याच्या पोटाला हात लावून बघितलं होतं मी. पहिल्या आठवड्यातच. मग मी हंडे घासत बसायचे. चिंच लावून, राख लावून. एकदा घासले की परत घासायचे. बायका नावं ठेवायच्या, की हिला हंड्याचं वेड लागलंय, पोरगं गेल्यापासून."

रतनच्या डोळ्यांपुढं तो उंबरा आला. सपाट, पावलाखाली झिजलेला. एवढ्या वर्षांत अक्काच्या हंड्याशिवाय त्याला दुसरं काहीही कधी आपटलं नव्हतं.

"मग टोमणा का मारायचात?"

सुंदराबाईनं थोडा विचार केला. "तू मारू द्यायचीस," ती म्हणाली.

पडदा बाजूला झाला. मशीनवरची मुलगी डोकावली आणि तिनं रतनचं नाव घेतलं. रतनला आठवलंच नव्हतं, की आपलाही नंबर आहे. खोटं सांगून आणलं होतं, पण नंबर खरा होता.

"जा," सुंदराबाई म्हणाली. तिनं रतनच्या हातातली पिशवी ओढून मांडीवर घेतली. "नीट सगळं करून घे. घाई करू नको. मी हाय बाहेर."

रतन उठली. पडद्याशी पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. सुंदराबाईनं पिशवीतून पाण्याची स्टीलची बाटली काढली होती. बाटली आधीच चकचकीत होती. पदराचं टोक घेऊन, उजव्या हातानं, सुंदराबाई ती सावकाश पुसत बसली होती.